९७.२ वर अडकलेला संकासूर

प्रिय लवू,

तुझा मेसेज गुरुवारी संध्याकाळी आला. अकरा वर्षांनी आला आणि त्यात दोनच वाक्यं. 'सुयोग, बाबांच्या दशावताराचं डाउनलोड ९७.२ वर अडकलंय. स्पीड वाढवायला काय करू?' मी तेव्हा असल्फ्याला एका बिल्डिंगच्या गच्चीवर केबल ओढत होतो. मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला, आणि पुढचे दोन जोड चुकीचे लावले. दादू खालून ओरडला, "ए शास्त्रज्ञ, झोपला काय वर?" दादू अजून मला शास्त्रज्ञच म्हणतो. त्याचा केबलचा धंदा आता फायबरचा झाला आणि मी त्याचा मुख्य माणूस झालो, पण हाक तीच आहे.

मेसेजमध्ये उत्तर लिहायला बसलो तर ते बसेना. म्हणून आधी वहीत लिहिलं, खाडाखोड केली, आणि आता हे टाइप करून मेलने पाठवतो आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तुला माहीत आहे, बारावीच्या पुढे न गेलेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घाची फार भीती असते. लोक आशयाआधी तेच बघतील असं वाटत राहतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नीट देतो, कारण एवढीच एक गोष्ट मला नीट येते.

पहिलं म्हणजे मशीन वायफायवर ठेवू नकोस, राउटरला केबल लाव. जर्मनीतल्या घरात केबल कुठून आणू म्हणशील, पण तुझ्या त्या निळ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मी पाच मीटरची एक पिवळी केबल घातली होती. तू निघालास त्या दिवशी. तुला न सांगता. बॅग अजून असेल तर बघ.

दुसरं अपलोडबद्दल. तुला आठवत असेल, दोन हजार अकरा साली आपल्या भटवाडीतल्या सगळ्या पोरांना हर्षदने एक युक्ती सांगितली होती, की अपलोड शून्यावर ठेवा, आपली लाईन कुणाला द्यायची नाही, मग डाउनलोड सुसाट. सगळ्यांनी ठेवलं शून्य. आणि सगळेच रडत होते की स्पीड नाही यार, दादू चोर आहे. तेव्हा तुझी ती इंजिनिअरिंगची व्याख्यानं उतरवायची होती, परदेशातल्या कुठल्या विद्यापीठाने फुकट ठेवलेली, चाळीस तासांची. तुमच्याकडे लाईन नव्हती, म्हणून आपण दादूच्या ऑफिसातल्या मशीनवर बसायचो. दुपारी दोन ते चार, दादू जेवून घरी पडायचा तेव्हा. मी शंभर पानी वही केली होती. एका रकान्यात अपलोड, एका रकान्यात डाउनलोड. शून्य दिलं तर सेकंदाला अकरा केबी मिळायचे. पाच दिले तर वीस. अपलोडची पूर्ण ताकद तीसची होती, ती सगळी दिली तर डाउनलोड परत चौदावर यायचं. चोवीस दिले तेव्हा साठ मिळाले. तू खुर्चीवरून उठून नाचला होतास.

का होतं ते तू मला इंग्रजीतून वाचून दाखवलंस आणि मी तुला मराठीत समजावलं. टॉरंट म्हणजे फाईल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांकडून घ्यायची आणि एकमेकांना द्यायची, तर जो काहीच देत नाही त्याला बाकीचे लोक रांगेत मागे ढकलतात. आणि जो सगळंच देऊन टाकतो त्याचा दरवाजा इतका तुंबतो की 'मला तुकडा मिळाला, पुढचा पाठवा' एवढा निरोपही बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून थोडी जागा स्वतःसाठी ठेवायची आणि बाकी देत राहायचं. तेव्हा तू म्हणाला होतास, "सुयोग, तू नापास झालास हे बोर्डाचं चुकलंय." मी ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. तारखेसकट.

तिसरं, पोर्ट. आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनचं उदाहरण मी तेव्हा दिलं होतं. बाहेरून कुणी तुकडा घेऊन आलं तर त्याला कुठल्या मजल्यावर सोडायचं हे वॉचमनला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो गेटवरूनच परत पाठवतो. राउटरमध्ये जाऊन तुझ्या मशीनच्या नावाने तेवढी नोंद कर. दादूच्या राउटरमध्ये मी ती चोरून केली होती. त्याला महिन्याने कळलं आणि तो म्हणाला, "माझी लाईन खाऊ नको, माझा भेजा खा." पण नोंद काढली नाही. जोडण्यांची संख्याही कमी ठेव, पन्नास पुष्कळ झाल्या. पाचशे लोकांशी एकदम बोलायला गेलं की कुणाशीच बोलणं होत नाही.

हे सगळं तू केलंस तरी काही होणार नाही, लवू.

ते का, हे सांगायला मला जरा मागे जावं लागेल. तू घाईत असशील तर शेवटचा परिच्छेद आधी वाच. पण शक्य असेल तर क्रमाने वाच.

दोन हजार बाराचा जानेवारी. मंडळाची सत्यनारायणाची पूजा आणि मैदानात दशावतार. कंपनी कुडाळहून आली होती आणि त्यांचा संकासूर करणारा माणूस तापाने फणफणला होता. संकासुराशिवाय दशावतार उभा कसा राहणार? तेव्हा कुणीतरी अनंतकाकांचं, तुझ्या बाबांचं, नाव काढलं. काकांनी गिरणीत लागायच्या आधी गावच्या जत्रेत तीन वर्षं संकासूर केला होता, हे आपल्याला त्या दिवशीच कळलं. तुला तरी कुठे माहीत होतं! सुगंधाकाकी म्हणाल्या, "ह्या वयात ता काळा टोपरा घालून नाचतले? दम लागतलो." आणि काका म्हणाले, "दम लागलो तर बसान बोलान." त्यांनी तो काळा बुरखा डोक्यावर घेतला, लाल जीभ बाहेर लटकली, आणि गिरणी सुटल्यापासून दिवसभर प्रेसमध्ये गप्प बसून कागद मोजणारा माणूस कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

माइक आणि स्पीकर मी लावले होते. हर्षदचा कॅमेरा तुझ्या हातात होता. बॅटरी जुनी होती, म्हणून दुसरी चार्ज करून माझ्या खिशात ठेवली होती. त्यामुळेच आपल्या सात फाइली झाल्या आणि त्यातली दुसरी फक्त साडेपाच मिनिटांची राहिली. १२३ एमबी. काकांचा संकासूर तेवढाच. पुढे रात्रभर जे झालं ते कंपनीच्या लोकांचं. तुझ्याकडे आज बाकी सगळं आहे. गणपती आहे, राजा आहे, राक्षस आहे, तलवारी आहेत. बाबा तेवढे नाहीत.

त्या साडेपाच मिनिटांत काय होतं ते तुला पुसट आठवत असेल. संकासूर समोर बसलेल्या लोकांची खेचतो, ती रीतच आहे. काकांनी मंडळाच्या अध्यक्षांना सोडलं नाही, दादूला सोडलं नाही. दादूला म्हणाले, "तुझ्या केबलीत्सून चित्र येता आणि पावसात खंय जाता, ता एकदा सांग." मैदान हसून लोळत होतं. मग त्यांनी स्पीकरपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "आणि हो बघा आमचो सुयोग! बारावीक दोनदा बसलो. बसलो तो बसलोच, उठलोच नाय! आता काय करता? तर वायरी जोडता!"

चारशे माणसं हसली. माझी आई हसली. जिच्यासमोर माझं हसं व्हायला नको होतं ती दर्शना पहिल्या रांगेत होती, तीही हसली. ते मी सहन केलं असतं, कारण संकासूर कुणालाच सोडत नाही आणि काकांच्या बोलण्यात विष नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आपण फाईल बघायला बसलो तेव्हा सगळ्यांच्या हसण्याच्या वर एक हसणं होतं. कॅमेऱ्याच्या माइकला सगळ्यांत जवळचं. चित्र हललं होतं इतकं ते हसणं मोठं होतं. तुझं. तू फाईल बघतानाही तिथे परत हसलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. मीही हसलो. मला वाटतं, मी नीट हसलो. आणि पुढचं न बघता काहीतरी काम काढून उठलो.

मग तू सातही फाइलींचा टॉरंट बनवलास. कुडाळ, बोरिवली, मुलुंड, जिथे जिथे आपली माणसं होती तिथून मागणी येत होती. तुमच्याकडे लाईन नाही म्हणून मूळ प्रत दादूच्या मशीनवर ठेवून तू कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पुण्याला गेलास. जाताना म्हणालास, "सगळ्यांना मिळेपर्यंत चालू ठेव हं, तुझ्याइतकं नीट कुणी करणार नाही." मी नीटच केलं. तू गेलास त्याच दुपारी दुसरी फाईल बाजूला काढली, माझ्या हार्डडिस्कवर ठेवली, आणि तिच्यापुढे 'नको' अशी खूण केली. बाकी सहा दिल्या. चोवीस-चोवीसच्या वेगाने, अगदी मनापासून दिल्या.

तुला वाटेल हे मी ठरवून केलं. ठरवून केलं असतं तर मी फाईल पुसून टाकली असती. मला फक्त वाटलं होतं, थोडे दिवस जाऊ देत. मी तिसऱ्यांदा बारावीला बसतो, सुटतो, मग चालू करतो. मग लोकांनी कितीही ऐकलं तरी ते जुनं झालेलं असेल. मार्चमध्ये बसलो. इंग्रजीत चार गुणांनी गेलो.

तोवर लोक विचारायला लागले होते, ९७.२ वर अडकतंय. मी सांगायचो, स्पीड नाही, लाईन स्लो आहे, थांबा. तू पुण्याहून फोन केलास तेव्हा तुलाही हेच सांगितलं. तू मेकॅनिकलवाला, तुला यंत्रं कळायची, लाईनीतलं तू माझ्यावर सोडलेलं होतंस. त्या पावसाळ्यात तुझी हार्डडिस्क गेली, तिच्यातली तुझी प्रतही. तू फोनवर म्हणालास, "वांधा नाही, दादूच्या मशीनवर आहेच की." तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, बघतो. पुढच्या फोनला म्हणालो, तिथलीही खराब झाली आहे, पण कुणाकडे तरी असेल, येईल हळूहळू. खोटं एकदा बोलल्यावर ते चालू ठेवायला फार कमी वेग लागतो.

आपलं भांडण कधी झालंच नाही, लवू. झालं असतं तर मिटलंही असतं. तुझा फोन आला की मला वाटायचं आता फाइलीचं विचारशील, म्हणून मी उचलायचा टाळायचो. मग तूही कमी केलेस. तुला वाटलं असेल, मी जर्मनीला गेलो म्हणून सुयोग जळतो. ते तसं वाटू देणं मला सोपं गेलं.

आणि काका. ते दर वर्षी गावच्या जत्रेहून आले की दादूच्या ऑफिसात, ज्याला आता आम्ही दुकान म्हणतो, जिना चढून यायचे. कागदात बांधलेला खाजा टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "माझो संकासूर गावलो काय रे?" मी म्हणायचो, नाही काका, स्पीड नाही. ते म्हणायचे, "बरा बरा. गावतलो तेव्हा गावतलो." कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मागच्या वर्षी जिना चढवत नव्हता, तर हा प्रश्न त्यांनी खालूनच हाक मारून विचारला, आणि खाजा निलेशच्या हाती वर पाठवला. निलेश म्हणजे दादूचा मुलगा. तो म्हणाला, "सुयोगदादा, कसला स्पीड? आता तर दोनशेची लाईन आहे." मी त्याला कामाला पिटाळलं.

फेब्रुवारीत काका गेले. तू चार दिवस आलास. स्मशानात मला बघून तू मान हलवलीस, मीही हलवली. तू जवळ यायला निघाला होतास, मी चहाचे ग्लास गोळा करायला लागलो.

दुकानातल्या मशीनवर मी तो टॉरंट आजही चालू ठेवलेला आहे, इतरांसारखाच ९७.२ वर. जोडलेल्या लोकांच्या यादीत देशाचा झेंडा दिसतो. गेली सात वर्षं, इथल्या रविवारी संध्याकाळी, एक जर्मनीचा झेंडा येतो. तास-दीड तास थांबतो. मग जातो. तो तूच हे मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. मी रविवारी दुकान बंद असतानाही जाऊन बसायचो. तुला काही द्यायला नाही. तू येतोस का बघायला.

त्याच खिडकीत एक 'उपलब्धता' नावाचा आकडा असतो. तो एकाच्या खाली असेल तर त्याचा अर्थ, जगात जोडलेल्या कुणाकडेच पूर्ण फाईल नाही, कितीही वेग वाढवा. तुझ्याकडे तो ०.९७२ दिसत असणार. सात वर्षं तू तो बघतो आहेस. आणि तू काही बुद्दू नाहीस. मग तू मला स्पीडबद्दल का विचारलंस, ह्याचा मी चार दिवस विचार करतो आहे. मला वाटतं, तू मला तेच विचारलंस जे काका विचारायचे. फक्त खाजा नव्हता.

काल दुपारी दोन वाजता मी ती हार्डडिस्क लावली. ती फाईल मी अनेकदा उघडली आहे, पण दर वेळी ३ मिनिटं ४० सेकंदांवर बंद केली आहे, तुझ्या हसण्यावर. काल बंद केली नाही. हसणं संपलं. काका थांबले, त्यांनी बुरख्यातून सगळ्या मैदानाकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, "हसतास काय रे? ह्येणा आता एक वायर काढल्यान, तर माझो आवाज तुमका ऐकाक येवचो नाय. ह्येका जपा." लोक परत हसले. तू नाही हसलास. कॅमेरा माझ्याकडे वळला. स्पीकरपाशी कुणी नव्हतं. मी तोवर पडद्यामागे जाऊन बसलो होतो, कानांवर हात ठेवून, तुझी बॅटरी खिशात घेऊन. कॅमेरा इकडे फिरला, तिकडे फिरला, लोकांची डोकी, मांडवाचा बांबू, परत रिकामा स्पीकर. आणि माइकजवळ तुझा आवाज आला. "अरे, हा कुठे गेला? सुयोग? ए सुयोग!" मग बॅटरी संपली आणि चित्र गेलं. त्या फाइलीत शेवटचं तेवढंच आहे.

हे पत्र ह्यासाठी लिहिलं. फाईल एखाद्या लिंकवर टाकून तुला दोन मिनिटांत पाठवता आली असती, पण ती जिथून काढली तिथेच मला परत ठेवायची होती, कुडाळ-बोरिवलीच्या लोकांसकट, माझ्या नापासासकट. आज सकाळी ती बाकीच्या सहांच्या शेजारी ठेवली, 'नको'ची खूण काढली आणि पुन्हा तपासणी लावली. पट्टी हळूहळू सरकली आणि शंभरवर थांबली. अजून कुणाला ती दिलेली नाही, अपलोड थोपवून ठेवलं आहे. सुगंधाकाकींकडेही गेलो नाही, कारण आधी तू बघावंस असं वाटलं. आज रविवार आहे. झेंडा दिसला की मी सोडतो. ह्या वेळी चोवीस नाही, पूर्ण लाईन देतो, तुंबली तर तुंबू दे. तुझं शंभर झालं की मला सांग, मग मी तुमच्या घरी जाऊन काकींना दाखवीन आणि तेव्हा काय बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलेन. तू मात्र लगेच बंद करून जाऊ नकोस. अजून सहा जण ९७.२ वर उभे आहेत, त्यांना दोघांनी दिलं तर लवकर होईल. आणि रागवायचं असेल तर फोन कर. ह्या वेळी उचलेन.

बारा वर्षं पडद्यामागे बसलेला, पण तुझाच,
सुयोग